स्वादुपिंड

२ सप्टेंबर

आजवर मी फक्त उंदरांच्या वह्या लिहिल्या. कोण किती पाणी प्यायलं, कुणी तोंड फिरवलं. स्वतःसाठी वही ही पहिलीच. घरात बोलायला एकच माणूस आहे, नवरा, आणि नेमकं हेच त्याच्याशी बोलता येत नाही, म्हणून.

त्याच्या स्वादुपिंडात गाठ आहे. डॉक्टरीणबाई कागदावर चित्र काढायला लागल्या तेव्हा मी म्हणाले, ते कुठे असतं मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, तुम्हाला नाही, यांना दाखवतेय. तो वाकून चित्र बघत होता, जणू त्याला ते तोंडी भाषांतर करून कुणाला तरी सांगायचं आहे. गाठ काढता येण्यासारखी नाही. केमो देऊन बघू, असं त्या म्हणाल्या. 'बघू' हा शब्द मी प्रयोगशाळेत रोज वापरते, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे.

घरी येताना तो म्हणाला, "स्वादुपिंड. तुझ्याच खात्यातलं दिसतंय." त्याचा नि जिभेचा काही संबंध नाही, ते रस पाझरतं, साखर सांभाळतं, असं मी त्याला समजावायला लागले. कोपऱ्यावरच्या सिग्नलपाशी आल्यावर लक्षात आलं की तो विनोद करत होता.

५ सप्टेंबर

दुसऱ्या वर्षाचा तास. विषय तोच, दरवर्षीचा: चवीची नावड कशी शिकली जाते. उंदराला गोड पाणी पाजायचं, थोड्या वेळानं पोटात ढवळेल असं इंजेक्शन द्यायचं. एकदाच पुरतं. पुन्हा ते गोड पाणी जिभेला लागलं की उंदीर जबडा वासतो, हनुवटी जमिनीला घासतो. गोडाचा त्यात काही दोष नसतो. पण शिक्षा त्यालाच होते, जन्मभर.

मग मी नेहमीची गंमत सांगितली. पाण्याबरोबर दिवा लावा, घंटा वाजवा. उंदीर दिव्याला दोष देत नाही, घंटेला देत नाही. पोटाचं खापर चवीवरच फुटतं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मग इंजेक्शन देणाऱ्या माणसाचं काय? म्हटलं, पोट चेहरे ओळखत नाही. वर्ग हसला.

हे मी इतकी वर्षं शिकवते आहे की तोंड आपोआप बोलतं. आज मन पूर्णवेळ दुसरीकडे होतं.

१० सप्टेंबर

उद्या पहिली केमो. मी त्याला माझी योजना सांगितली. केमोनंतर मळमळणार हे नक्की. त्याआधी जे खाल्लं असेल ते मनातून उतरणार. मग आपण आधी मुद्दाम एखादी विचित्र, उग्र चव द्यायची, म्हणजे सगळा राग तिच्यावर निघेल आणि रोजचं अन्न वाचेल. असे प्रयोग माणसांवर झालेले आहेत, थोडाफार उपयोग होतो. मी काळ्या गोळ्यांचा एक डबा आणलाय, बडीशेपेला कापूर चोळल्यासारखा वास येतो.

"म्हणजे बळीचा बकरा," तो म्हणाला.

"तसंच म्हणतात त्याला."

"बकऱ्याला निदान आधी पाला तरी चारतात."

न्यायालयात दुभाषी होता तो, निवृत्त होईपर्यंत. साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी' असंच म्हणायचं असतं. त्यामुळे आपण किती खून कबूल केलेत त्याची गणतीच नाही, हा त्याचा ठरलेला विनोद. नव्या माणसापुढे तो हमखास करतो. उद्या तिथल्या परिचारिकेपुढेही करणार.

११ सप्टेंबर

केला.

खिडकीपाशी ओळीनं आरामखुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा खांब. त्यानं गोळी चघळली, चेहरा वेडावाकडा केला, मग झोपला. मी त्याच्या पायांवरची चादर नीट करत बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळपासून ओकाऱ्या.

१९ सप्टेंबर

गोळीचा प्रयोग यशस्वी. डबा उघडताच त्यानं जबडा वासला, अगदी माझ्या उंदरांसारखा. मला इतका आनंद झाला की मी लगेच पक्षीवाल्याला फोन केला. (माझ्या शेजारच्या खोलीतला सहकारी. पक्ष्यांच्या गाण्यावर काम करतो, म्हणून सगळा विभाग त्याला पक्षीवालाच म्हणतो.) त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग जेवतोय का?

जेवत नाही. बकरा बळी गेला, तरी बाकी काही वाचलं नाही. सूप नको, बटाटा नको, कस्टर्ड नको. मी चमचा पुढे केला की मान अगदी थोडी, शिष्टाचार सांभाळल्यासारखी, बाजूला वळते. "आज नको," म्हणतो. रोजच 'आज' म्हणतो.

मी ताटली नेण्याआधी आणि आणल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. त्याला कळू देत नाही असं मला वाटत होतं. काल म्हणाला, "बाईसाहेब, आज माझा आकडा काय आला?"

२९ सप्टेंबर

रविवार. अक्का आल्या. ही त्याची थोरली बहीण. लग्नाच्या कपड्यांचं शिवणकाम करतात, कानामागे कायम टाचणी-खडू. त्याला अजून 'धाकट्या' म्हणतात आणि मला 'मास्तरीणबाई'. आम्हाला मूल नाही, त्यामुळे आपल्या माणसांत मोजायच्या त्या एकट्या.

त्यांनी सोबत सूप करून आणलं होतं, दोन अंडी उकडली. पलंगाच्या कडेला बसल्या, लहानपणचं काहीबाही बोलत राहिल्या आणि त्यानं खाल्लं. सगळं. मी दारात उभी होते. वाडगा पुसून घेतला त्यानं. "अक्काच्या हाताला चव आहे," म्हणाला. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

अक्का गेल्यावर तो बराच वेळ न्हाणीघरात होता. नळ सोडलेला ऐकू येत होता. बाहेर आला तेव्हा ओठ पांढरे. तोंड धुतलं जरा, म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पोट भरलं की गुंगी येतेच.

मी वाडगा तोलला नाही. गरजच नव्हती.

२ ऑक्टोबर

रविवारच्या आशेवर त्याच पद्धतीचं सूप केलं. अक्कांना फोन करून सगळं विचारून घेतलं, मीठसुद्धा तेवढंच. चमचा पुढे केला. मान वळली.

"तुला काही तरी कमी वाटतंय का यात?"

"नाही गं. चांगलं असेल. आज नको."

मी चिडले. म्हणाले, रविवारी कसं खाल्लंस? त्यानं माझा हात धरून ठेवला, चमच्यासकट. सूप गार होऊन वर साय आली तरी सोडला नाही. मला प्रयोगशाळेत जायला उशीर झाला.

६ ऑक्टोबर

अक्का आल्या. परत खाल्लं. पाव, अंडं, अर्धं केळं. त्यांच्याशी हसत बोलला. मी आत आले तेव्हा मात्र एकदम थकल्यासारखा मागे उशीवर टेकला, चेहऱ्यावरचं सगळं उतरलं.

हे मी नीट लिहून ठेवते आहे, कारण आता मला दिसायला लागलंय.

८ ऑक्टोबर

केमोला त्याला घेऊन कोण जातं? मी. चादर कोण नीट करतं, ओकारीचं भांडं कोण धरतं, त्यानंतर पहिला चमचा कोण पुढे करतं? मी. माझा साबण, माझा आवाज, माझा हात. दोष नुसता गोळीवर गेला नाही, माझ्यावरही आला. बकरा मीच आहे.

दुपारी पक्षीवाल्यासमोर हे मांडलं. तो कपातला चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, पण तूच शिकवतेस ना, पोट चेहरे ओळखत नाही म्हणून? म्हटलं, ते उंदराचं पोट. माणसाचं वेगळं असू शकतं. इतक्या वर्षांचा सहवास, इतके संकेत.

"एका जनावरावरून निष्कर्ष काढतेस."

"माझ्याकडे एकच आहे."

त्यानं चमचा बशीत ठेवला. म्हणाला, "त्याला विचारलंस?"

मी सांगितलं, विचारून उपयोग नसतो. ज्याच्यावर प्रयोग चालू असतो त्याला स्वतःच्या नावडीचं कारण ठाऊक नसतं, आणि गृहीतक कानावर पडलं की वागणं बिघडतं. पक्षीवाला माझ्याकडे पाहत राहिला. त्याला बायको नाही, त्याला हे कळणार नाही.

९ ऑक्टोबर

अक्कांशी बोलले. तुमच्या हातून खातो, तर काही दिवस राहायला या, एवढंच म्हणाले. बाकी सिद्धांत सांगितला नाही. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "मास्तरीणबाई, तुम्ही जवळ बसत जा हो. मी काय, बाहेरची," म्हणाल्या. त्यांना वाटलं असेल, मला मत्सर वाटतोय. मी म्हटलं, तसं काही नाही, खाणं महत्त्वाचं.

दुकानाला कुलूप लावून दोन दिवसांत येतील.

१२ ऑक्टोबर

नवी व्यवस्था. अक्कांची भांडी, अक्कांचे चमचे. मी स्वयंपाकघरात हात घालायचा नाही. तो जेवताना खोलीत असायचं नाही, शक्यतो घरातच नाही. सकाळी न्याहारीच्या आधी निघते, दुपारी घरी येतच नाही. साबण बदलला. रुग्णालयातही आता अक्काच जाणार.

अवघड आहे, पण उपाय सापडला की अवघड वाटत नाही. महिन्याभरात पहिल्यांदा मला काहीतरी करता येतंय.

१५ ऑक्टोबर

अक्का म्हणाल्या, सकाळी कस्टर्ड, दुपारी सूप आणि पाव. माझ्याकडे न बघता सांगत होत्या, खाली बसून कसलासा धागा उसवत. आवाज बसलाय त्यांचा. दमत असतील. न्हाणीघरात फिनेलचा इतका वास की डोळे चुरचुरले. सारखं धूत असतात. स्वच्छतेचं वेडच आहे त्यांना.

१७ ऑक्टोबर

एक वही विसरली म्हणून दुपारी घरी आले होते; निघताना त्यानं हाक मारली. अक्का सूप गरम करत होत्या. मी दारातूनच विचारलं, काय?

"आज तू बस ना."

"तास आहे."

"गुरुवारी दुपारी तास नसतो तुझा." माझं वेळापत्रक त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. "बस. मी खाणार नाही, पण बस."

माझं वाईट वाटू नये म्हणून म्हणाला. सभ्य माणूस आहे, पहिल्यापासून. मला क्षणभर मोह झाला. पण मी बसले की तो खाणार नाही, हे तर त्यानं स्वतःच्याच तोंडानं सांगितलं. याहून स्पष्ट पुरावा कुठला? मी बदली तास आहे म्हणून सांगितलं आणि निघाले. प्रयोगशाळेत जाऊन पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या नव्यानं लिहीत बसले. जुन्या चांगल्या होत्या.

२४ ऑक्टोबर

वजन उतरतंच आहे. डॉक्टरीणबाईंना फोन केला. खाणं पोटात जातंय तरी असं कसं, विचारलं. त्या म्हणाल्या, या आजारात होतं तसं. मग म्हणाल्या, औषध आता थांबवू या, त्यांना घरीच आराम पडू दे. मी आकडे विचारत राहिले. त्यांनी शेवटी नावानं हाक मारली मला, मॅडम नाही, प्रोफेसर नाही. तेव्हा फोन ठेवला.

म्हणजे सगळं गाठच खाते आहे. तरी खातोय तोवर खातोय.

२८ ऑक्टोबर

आता रोज दुपारी मी विद्यापीठातून निघून घरासमोरच्या बागेत येऊन बसते. दूर राहवत नाही आणि आतही जाता येत नाही. जेवण आटोपलं की अक्का खिडकीत टॉवेल वाळत घालतात, मग मी वर जाते. हे आमचं ठरलंय. अक्कांना ते पटलेलं नाही. सकाळी म्हणाल्या, जगात असं कुठे असतं का हो. मी म्हणाले, तो खातोय ना? त्या आत निघून गेल्या.

वर गेले की तो झोपलेला असतो. हाताची बोटं चादरीवर पसरलेली. ती मी धरते, झोपेत असताना. झोपेत शिकणं होत नाही, त्यामुळे धोका नाही.

३१ ऑक्टोबर

आज जागा होता. माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मग विचारलं, तुला बरं आहे ना? मी हो म्हणाले. विचारलं, उंदीर कसे आहेत? म्हटलं, खाताहेत. तो हसला.

"मीही खातोय. अक्कानं सांगितलं ना?"

"सांगितलं."

"बरं वाटलं तुला?"

"खूप," मी म्हणाले. खरंच वाटलं होतं. त्यानं डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर समाधान होतं, एखादी लांबलेली साक्ष संपवून घरी आल्यावर असायचं तसं.

४ नोव्हेंबर

बाकावर बसले होते. ऊन होतं. बागेतला माळी पाइपानं कुंपण भिजवत होता आणि मी उद्याच्या तासाचे मुद्दे काढत होते. टॉवेल दिसायला आज उशीर झाला. मला वाटलं, आज जास्त खातोय.

मग अक्का खिडकीत आल्या. हातात टॉवेल नव्हता. त्यांनी हाकही मारली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात गजांवर. मी कागद गोळा केले, पिशवीत नीट घातले, चेन लावली. एवढं सगळं केलं मी. मग रस्ता ओलांडला.

७ नोव्हेंबर

लिहिण्यासारखं काही नाही. लोक येऊन जातात. पक्षीवाला येऊन बसला, जाताना पायपुसणं सरळ करून गेला.

१० नोव्हेंबर

अक्का उद्या जाणार. दुपारी त्या सामान बांधत होत्या. मी म्हणाले, तुमच्यामुळे त्याला शेवटपर्यंत चार घास तरी मिळाले. तुमचे उपकार कसे फेडू, असलं काहीतरी बोलले. त्या साडीची घडी करता करता थांबल्या.

"नाही मिळाले," म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"एकही घास टिकला नाही मास्तरीणबाई. पहिल्या रविवारपासून. मला बरं वाटावं म्हणून खायचा, आणि मी वळले की जाऊन ओकायचा. मी राहायला आल्यावर मला कळलं. मग भांडं मीच धरायची. पुढे पुढे तर ताटलीतलं सरळ टाकून द्यायला सांगायचा."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"शपथ घातली होती. म्हणाला, तिला वाटतंय मी खातोय, तेवढी सुखात आहे ती, राहू दे." मग त्या खाली बसल्या, घडी मांडीवर घेऊन. "मी खूपदा म्हटलं त्याला, माझ्यापुढे कशाला नाटक करतोस? म्हणाला, तू रडतेस अक्का. तिच्यासमोर मला खावं लागत नव्हतं. तेवढाच आराम होता."

रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं. मी ते पूर्ण बंद होईपर्यंत ऐकलं.

"तो विचारायचा का माझ्याबद्दल?"

"रोज. मी सांगायची, कॉलेजात काम वाढलंय. तुम्ही समोर बाकावर बसायच्या, हे त्याला ठाऊक नव्हतं. पलंग आतल्या बाजूला." त्यांनी मांडीवरची घडी उलगडली. "त्याला वाटायचं, तुम्हाला बघवत नाही. पण राग नव्हता हो. म्हणायचा, मलाच आरशात बघवत नाही, तिची काय चूक."

मी त्यांना सिद्धांत सांगितला. का कोण जाणे, सगळा सांगितला: गोळी, उंदीर, चादर, साबण. त्याला माझी नावड बसली आहे अशी माझी खात्री होती, म्हणून लांब राहिले. अक्का ऐकत होत्या. त्यांना त्यातलं किती कळलं माहीत नाही. शेवटी त्यांनी माझा हात घेतला, उलटासुलटा करून बघितला, शिवायला आणलेलं कापड बघतात तसा.

"असं कसं वाटलं हो तुम्हाला?" म्हणाल्या.

आकडे तसेच सांगत होते. मी समोर असले की शून्य. ते शून्य मी सोडून गेले.

१४ नोव्हेंबर

अक्का पोहोचल्या. फोन आला. दोघीही जेवलात का विचारत होतो आणि दोघीही हो म्हणत होतो.

२१ नोव्हेंबर

कामावर रुजू झाले. विभागप्रमुख म्हणाले, अजून रजा घ्या. घरी काय करू, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षाचा तास. भूक आणि खाण्याचं मोजमाप. पडद्यावर नेहमीचा आलेख लावला, उभ्या रेषेवर खाल्लेल्याचं वजन, आडव्या रेषेवर दिवस. तोंड आपोआप बोलायला लागलं, खाणं वाढलं म्हणजे भूक वाढली, खाणं घटलं म्हणजे नावड बसली. पोरं खाली माना घालून लिहून घेत होती. मी मध्येच थांबले.

म्हणाले, यावरून एवढंच कळतं की किती खाल्लं. का खाल्लं ते यात नाही. जे खात नाही ते तुमच्यावर रुसलंय असं समजू नका. कदाचित तेवढ्यापुरतं ते तुमच्यापाशी निवांत असेल. हे मोजायची रीत मला माहीत नाही. मी शोधलीही नाही.

पंख्याखाली पडद्याची कड हलत होती. पहिल्या बाकावरची मुलगी, जी अक्षरन् अक्षर उतरवून घेते, तिनं हात वर केला.

"मॅडम, हे परीक्षेला येईल?"

मी नाही म्हणाले. तिनं पेन खाली ठेवलं.